आधी रसायन की आधी जिवाणू? : सांडपाण्याविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कापड-प्रक्रिया उद्योगाच्या सांडपाण्यावरील मागील अंकातील टिपणात एक वाक्य आले होते. रासायनिक ऑक्सिडीकरण आणि जिवाणू यांची सांगड घातली तर एरवी दाद न देणारे सांडपाणीही शुद्ध करता येते, असे ते वाक्य. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची आणि त्यांच्या कारखान्यांची नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : मी इचलकरंजीतील एका प्रोसेस हाऊसमध्ये ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण संयंत्र, सांभाळतो. येणाऱ्या पाण्याचा सीओडी, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, लिटरला सुमारे १,२०० मिलिग्रॅम असतो. एरेशन टँक, म्हणजे हवा सोडून जिवाणू वाढवण्याची टाकी, चोवीस तास चालते, तरी बाहेर पडताना सीओडी चारशेच्या खाली येत नाही आणि निळा-जांभळा रंग तर जवळजवळ तसाच राहतो. एका विक्रेत्याने पेरॉक्साइडवर चालणारी ‘फेंटन’ प्रक्रिया बसवण्याचा सल्ला दिला आहे. परंतु हायड्रोजन पेरॉक्साइड हे जंतुनाशक आहे. जे जिवाणूंना मारते तेच त्यांच्या टाकीच्या तोंडाशी ओतायचे, हे कसे काय?

उत्तर : आपली शंका अगदी रास्त आहे. ती मनात न आणता पेरॉक्साइड ओतल्यामुळे एरेशन टँक बसल्याची, म्हणजे तिच्यातील जिवाणू मेल्याची, उदाहरणे या क्षेत्रात नवीन नाहीत. परंतु तिचे उत्तर देण्यापूर्वी आपल्या टाकीत नेमके काय अडले आहे ते पाहू.

सीओडी मोजताना आपण पाण्याचा नमुना पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल यांच्याबरोबर १५० अंश सेल्सियसला दोन तास तापवतो, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय द्रव्य जाळता येईल तेवढे जाळतो आणि त्यासाठी किती ऑक्सिजन लागला ते पाहतो. बीओडी, म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणी, मोजताना हेच काम जिवाणूंवर सोपवतो. आपल्याकडील प्रमाणित पद्धतीत त्यासाठी २७ अंशांवर तीन दिवस देतात, तर युरोप-अमेरिकेत २० अंशांवर पाच दिवस. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे जिवाणूंना जे खाता येत नाही, किंवा दिलेल्या मुदतीत खाता येत नाही, असे द्रव्य होय. बीओडीला सीओडीने भागून येणारे गुणोत्तर ०.४ च्या पुढे असेल तर पाणी जिवाणूंच्या हवाली करण्यास हरकत नसते. ते ०.२ च्या आसपास किंवा त्याखाली असेल, तर टाकी कितीही मोठी बांधली आणि ब्लोअर कितीही चालवला तरी उरायचे ते उरतेच.

आपल्या बाहेर पडणाऱ्या चारशेमध्ये बीओडी बहुधा फारच थोडा असेल. येणाऱ्या पाण्यातील खळ, म्हणजे विणण्यापूर्वी सुताला लावलेला सायझिंगचा स्टार्च, जिवाणू आवडीने खातात. तो भाग टाकीत संपलेला असतो. मागे राहतात ते प्रामुख्याने कापडावर न बसलेले, धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जाणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग, काही सहाय्यक रसायने, आणि सूत कृत्रिम खळीने सायझिंग केलेले असल्यास पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. यांतील पॉलिव्हिनाइल अल्कोहोल सरावलेल्या जिवाणूंना पचते, पण हळू. रंगांचे तसे नाही. धुण्याने, उन्हाने आणि घामाने जाऊ नये म्हणून ज्याची मुद्दाम रचना केली, तो रेणू जिवाणूंनाही सहजासहजी वश होत नाही यात नवल नाही.

अशा रेणूंना फोडण्याचे काम फेंटनची प्रक्रिया करते. केंब्रिजमधील एच. जे. एच. फेंटन यांनी १८९४ मध्ये दाखवून दिले की हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये थोडे लोह असेल तर टार्टरिक आम्लाचे, म्हणजे आपल्या चिंचेत असते त्याच आम्लाचे, झपाट्याने ऑक्सिडीकरण होते. असे का होते याची उकल फ्रिट्झ हाबर आणि जोसेफ वाइस यांनी १९३४ मध्ये मांडली. फेरस लोह पेरॉक्साइडला फोडते आणि त्यातून हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे एकांडा इलेक्ट्रॉन असलेला अतिशय क्रियाशील रेणूखंड, बाहेर पडतो. क्लोरीन आणि ओझोन या दोहोंपेक्षा हा मूलक अधिक जहाल असून समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तो तुटून पडतो. यासाठी लागणारे लोह म्हणजे बाजारात मिळणारा साधा हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. पाणी मात्र आम्लधर्मी, पीएच सुमारे ३, असावे लागते, कारण पीएच वाढला की लोह गाळ होऊन बसते आणि पेरॉक्साइड नुसताच फसफसून वाया जातो.

आता आपली मूळ शंका. हायड्रॉक्सिल मूलक जिवाणूंनाही मारील, पण तो जिवाणूंपर्यंत पोहोचतच नाही, कारण सांडपाण्यात त्याचे आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकेही नसते. पुढच्या टाकीत जिवाणूंचा घात करतात त्या मागे राहिलेल्या तीन गोष्टी : न वापरला गेलेला पेरॉक्साइड, आम्लता आणि विरघळलेले लोह. आम्लता आणि लोह यांवर उपाय एकच आहे. चुना किंवा कॉस्टिक सोडा घालून पीएच ८ च्या आसपास नेला की लोह तांबूस गाळ होऊन खाली बसते. उरलेल्या पेरॉक्साइडचा बराच भाग याच टप्प्यात फुटतो, पण तो पूर्ण गेला असे गृहीत धरू नये. आपल्या प्रोसेस हाऊसमध्ये ब्लीचिंगनंतर आणि रंगाईपूर्वी ‘पेरॉक्साइड किलर’ वापरत असतील. त्यांतील बरेचसे कॅटॅलेज नावाचे विकर असते आणि तेच येथेही चालते. पाण्यातील पेरॉक्साइड दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. पट्टी कोरी निघाल्याशिवाय पाणी एरेशन टँककडे सोडू नये, एवढा नियम कर्मचाऱ्यांना घालून द्यावा.

विक्रेत्याने कदाचित सांगितली नसेल अशी आणखी एक गोष्ट आहे. रिअ‍ॅक्टिव्ह रंग पक्का करण्यासाठी सोडा अ‍ॅश वापरतात, त्यामुळे आपल्या पाण्यात कार्बोनेट आणि बायकार्बोनेट भरपूर असणार. हे दोन्ही हायड्रॉक्सिल मूलक गिळतात. आम्ल घातल्यावर ते कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात खरे, पण त्या वेळी टाकी जोरात फेसाळते, आणि पाण्यात साबण किंवा वेटिंग एजंट (कापड भिजवणारे रसायन) असेल तर फेस काठावरून खाली येतो. टाकीला किमान हातभर मोकळा काठ ठेवावा आणि आम्ल हळूहळू सोडावे. ५० टक्के तीव्रतेच्या पेरॉक्साइडच्या साठवण टाकीत लोखंडाचा गंज किंवा हिराकसाचे पाणी चुकूनही जाता कामा नये, कारण तेथे हीच प्रक्रिया आवरण्याच्या पलीकडे जाऊन टाकी फुटू शकते.

प्रश्न : मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. हायड्रॉक्सिल मूलक जर काहीही फोडू शकतो, तर सगळेच काम त्याच्याकडून करून घेऊन जिवाणूंची भानगड टाळता येणार नाही का? (सांगली)

उत्तर : कागदावर येते. हिशेब मांडला की येत नाही.

सीओडी म्हणजे लागणारा ऑक्सिजन, आणि पेरॉक्साइडच्या ३४ ग्रॅममधून त्यासाठी १६ ग्रॅम ऑक्सिजन मिळतो. म्हणजे एक किलो सीओडी पूर्ण संपवायला किमान २.१२५ किलो शुद्ध पेरॉक्साइड हवा. वरील पत्रातील १,२०० सीओडीचे पाणी दिवसाला ५०० घनमीटर निघते असे समजू. सीओडी झाला दिवसाला ६०० किलो, त्याला शुद्ध पेरॉक्साइड १,२७५ किलो, म्हणजे ५० टक्क्यांचे द्रावण २,५५० किलो, रोज. लोह पेरॉक्साइडच्या एक-दशांश वजनाने धरले तर ते सुमारे १२७ किलो, आणि हिराकसात लोह पाचव्या हिश्श्याइतके असल्यामुळे हिराकस झाला ६३५ किलो. त्या लोहाचा हायड्रॉक्साइड गाळ कोरडा धरला तर २४० किलोंच्या पुढे जातो. गाळ दाबून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसमधून निघणाऱ्या केकमध्ये घन भाग पाव असेल, तर जवळजवळ एक टन ओला गाळ रोज उचलावा लागेल. तो घातक कचऱ्यात मोडला की तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथील प्रक्रिया केंद्राकडे गाडी पाठवण्यावाचून पर्याय नाही. आम्लाचा आणि चुन्याचा खर्च यात धरलेलाच नाही. शिवाय हा हिशेब एकही मूलक वाया जात नाही असे मानून केलेला आहे, आणि प्रत्यक्षात ते पुष्कळ वाया जातात.

जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन हवेतून येतो. ब्लोअर किंवा एरेटर प्रत्यक्ष चालू स्थितीत एक युनिट विजेत साधारण एक ते दोन किलो ऑक्सिजन पाण्यात विरघळवतात. वरच्या ६०० किलोंपैकी ४०० किलो जिवाणूंनी घेतले, तर त्याची किंमत दोन-चारशे युनिट वीज, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण खाल्लेल्यातील काही भाग जिवाणूंच्या शरीरातच जमा होतो. पेरॉक्साइडच्या आणि विजेच्या आपल्या भागातील दराने दोन्ही बाजूंना गुणून पाहावे.

म्हणून रसायनाकडून संपवण्याचे काम घ्यायचे नाही, फक्त तोडण्याचे घ्यायचे. ओंडका चुलीत जात नाही, पण कुऱ्हाडीने त्याच्या ढलप्या काढल्या की चूल तो जाळते. सगळा ओंडका कुऱ्हाडीनेच नाहीसा करायला कोणी बसत नाही. रंगाच्या मोठ्या, कड्यांनी बांधलेल्या रेणूचे तुकडे होत होत शेवटी ऑक्झॅलिक, फॉर्मिक, अ‍ॅसेटिक अशी लहान आम्ले उरतात. गंमत अशी की यांतील ऑक्झॅलिक आणि अ‍ॅसेटिक आम्ल फेंटनला फारशी दाद देत नाहीत, आणि तीच जिवाणू काही तासांत खाऊन टाकतात. रसायनाचे बळ जेथे संपते नेमके तेथे जिवाणूंचे सुरू होते, म्हणून या दोघांना एकत्र आणण्यात अर्थ आहे.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्याला जोडलेली आसवनी (मद्यार्काचा कारखाना) आहे. स्पेंटवॉशवर, म्हणजे तिच्या सांडपाण्यावर, आधी ओझोन द्यावा की आधी जिवाणू वापरावेत? रसायनाने रेणू फोडून मग ते जिवाणूंना द्यायचे हे तत्त्व मानले, तर ओझोन आधी यायला हवा.

उत्तर : नाही, आणि याच ठिकाणी अनेकांची गफलत होते. तत्त्व बरोबर आहे, पण ते ज्याला लागू करायचे तो माल आधी वेगळा काढावा लागतो.

मळीपासून मद्यार्क काढल्यानंतर उरणाऱ्या स्पेंटवॉशचा सीओडी लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो. पण त्यातील बराच मोठा भाग जिवाणूंना खाण्याजोगा असतो, आणि तोही हवेशिवाय, म्हणजे बायोगॅस देत देत. अशा पाण्यावर आरंभीच ओझोन सोडला तर विजेवर तयार केलेला महागडा वायू, जे जिवाणूंनी फुकट खाऊन वर इंधन दिले असते, ते जाळण्यात खर्च होईल. बायोगॅस संयंत्रानंतर मागे राहणारा गडद तपकिरी रंग मेलॅनॉइडिनांचा असतो. साखर आणि अमिनो आम्ले तापून तयार झालेले हे पदार्थ जिवाणूंना जवळजवळ दाद देत नाहीत. ऑक्सिडीकरणाची जागा तेथे, आणि त्यानंतर पुन्हा एकदा जिवाणू. अर्थात आज आपल्याकडील आसवनींना थेंबभरही पाणी बाहेर सोडता येत नसल्यामुळे बहुतेक जण बायोगॅसनंतर बाष्पीभवन करून दाट झालेला भाग बॉयलरमध्ये जाळतात किंवा प्रेसमडबरोबर, म्हणजे उसाच्या रसातील गाळाबरोबर, त्याचे खत करतात. आपल्याकडे तशी सोय आधीच असेल, तर केवळ रंग घालवण्यासाठी ओझोन घेण्याचे कारण मला दिसत नाही.

इचलकरंजीच्या पत्रालाही हेच उत्तर लागू आहे. डिसायझिंगचे, म्हणजे कापडावरची खळ काढतानाचे, पाणी आणि रंगाचे पाणी एकाच हौदात मिसळून त्यावर फेंटन चालवले, तर बहुतेक मूलक खळीवरच खर्ची पडतील आणि रंग हसत बाहेर पडेल. म्हणून जिवाणू आधी, उरलेल्यावर बेताचे फेंटन, आणि त्याच्या मागे एक लहान जैविक टाकी, असा क्रम त्या पाण्याला योग्य. फेंटनमधून निघालेले पाणी निवळून पहिल्या एरेशन टँकमध्येच परत फिरवले तरी चालते, पण टाकीवर वाढणारा पाण्याचा भार पेलण्याइतकी जागा तेथे असली पाहिजे. शक्य असेल तेथे गडद छटांचे डाय-बाथ (रंगाईची द्रावणे) स्वतंत्र गटारातून वेगळे घ्यावेत. पाणी थोडे आणि रंग दाट, अशा प्रवाहावरच रसायनाचा पैसा वसूल होतो.

रसायन अगदी आरंभी घालण्याची पाळी येते ती सांडपाणी जिवाणूंना विषारी असेल तेव्हा. फिनॉल, नायट्रो-संयुगे किंवा कीटकनाशके यांचे पाणी थेट एरेशन टँकमध्ये घेतले तर टाकीच बसते. तेथे आधी विषाचा दात काढणे भाग असते.

प्रश्न : पेरॉक्साइड ‘बेताचा’ म्हणजे किती? विक्रेता सांगतो तेवढा घालावा का?

उत्तर : घालू नये. हा आकडा आपल्याच पाण्यावर आपल्याच प्रयोगशाळेत काढायचा असतो, आणि त्याला एक-दोन दिवसांचे काम व बीओडीचे तीन दिवस एवढेच लागतात.

एरेशननंतर निवळलेले पाणी घ्यावे. त्याचा सीओडी ४०० आहे असे धरू. वरील हिशेबाने एका लिटरला पूर्ण मात्रा ५० टक्क्यांच्या द्रावणाची १.७ ग्रॅम येते. एकेक लिटरचे पाच बीकर मांडावेत; एकात काहीच घालायचे नाही, बाकीच्या चारांत ०.४, ०.८, १.२ आणि १.७ ग्रॅम. पाणी सल्फ्युरिक आम्लाने पीएच ३ वर आणावे, मग पेरॉक्साइड द्रावणाच्या पाव वजनाइतका हिराकस ताजा विरघळवून घालावा. हिराकसाचे खडे हिरवट असावेत. पोते उघडे राहून ते तपकिरी पडले असतील तर त्यातील फेरस लोह आधीच फेरिक झालेले असते आणि चाचणी फसवी निघते. पेरॉक्साइड सर्वांत शेवटी, थेंबाथेंबाने. पाणी आधी काळपट, मग चहासारखे आणि शेवटी फिकट पिवळे होत जाते. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच बराचसा रंग जातो, आणि येथेच अनेक जण हुरळून थांबतात. थांबू नये, तासभर ढवळत राहावे. त्यानंतर चुन्याच्या निवळीने पीएच ८ वर आणून गाळ बसू द्यावा आणि वरच्या पाण्यात पट्टी बुडवून पाहावी. पेरॉक्साइड शिल्लक असताना सीओडी मोजला तर प्रत्येक मिलिग्रॅम पेरॉक्साइड जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम खोटा सीओडी दाखवतो, आणि ‘फेंटन करूनही सीओडी वाढला’ अशी तक्रार येते, तिच्यामागे बहुतेक वेळा हेच असते.

आता पाचही बीकरचा सीओडी आणि बीओडी काढावा. बीओडीसाठी घरगुती मैल्यातील जिवाणू न घेता आपल्याच एरेशन टँकमधील सरावलेले घ्यावेत. मात्रा वाढवत जाताना सीओडी उतरत जाईल. बीओडी मात्र आधी वाढेल आणि मग तोही उतरू लागेल. बीओडी-सीओडीचे गुणोत्तर जेथे चढायचे थांबते तेथेच आपली मात्रा. सर्वांत कमी सीओडीचा बीकर निवडण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्यापुढचा प्रत्येक ग्रॅम पेरॉक्साइड जिवाणूंनी फुकट केले असते ते काम करतो. मर्यादा अंतिम पाण्याला आहे, नदीनाल्यात सोडताना सीओडी २५० आणि बीओडी ३०. त्या आकड्यांपर्यंत फेंटनच्या टाकीतच पोहोचले पाहिजे असे कोठेही म्हटलेले नाही.

तीन दिवस थांबायला वेळ नसेल तर एक जलद उपाय आहे. दोन बाटल्यांत एरेशन टँकमधील गाळ सारखा घ्यावा, एकीत फेंटनचे निवळलेले पाणी आणि दुसरीत बिनप्रक्रियेचे, दोन्हींत हवा भरून घ्यावी, आणि हवा बंद केल्यावर डीओ मीटरचा (विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा किती वेगाने घसरतो ते पाहावे. फेंटनच्या बाटलीत वेग वाढला तर जिवाणूंना अन्न मिळाले आहे. घसरण जवळजवळ थांबली असेल तर पाणी विषारी आहे, किंवा पेरॉक्साइड शिल्लक आहे.

प्रश्न : रंग खाणाऱ्या ‘खास’ जिवाणूंची पावडर बाजारात मिळते. ती टाकली तर रसायनाची गरज उरत नाही, असे सांगतात.

उत्तर : जिवाणू अ‍ॅझो रंगांचा रंग घालवतात हे खरे आहे. हवा नसताना ते या रंगांच्या रेणूतील नायट्रोजनच्या जोडीतील बंध तोडतात आणि पाणी रंगहीन होते. पण त्या तुटण्यातून अ‍ॅरोमॅटिक अमिने तयार होतात. त्यांतील काही विषारी आणि काही तर कर्करोगकारक असतात, आणि त्यांचा निकाल पुढे हवेच्या टाकीतच लावावा लागतो. पावडरीच्या पाकिटावर एवढे सगळे लिहिलेले नसते. माझा अनुभव आणि मत असे की पावडर घेण्यापूर्वी टाकीत नायट्रोजन आणि फॉस्फरस पुरेसे आहेत का ते पाहावे. बीओडी, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे १००:५:१ हे प्रमाण कापडाच्या पाण्यात क्वचितच असते, आणि थोडा युरिया व डीएपी घातल्यावर अनेक टाक्या सुधारतात. नवी टाकी चालू करायला शेणकाला किंवा शेजारच्या चालू टाकीतील गाळ पुरतो. महिन्याभरात त्या पाण्याला मानवणारे जिवाणू आपोआप वाढतात आणि न मानवणारे, मग ते पाकिटातील का असेनात, मागे पडतात.

प्रश्न : हे सगळे कारखान्यांचे झाले. शहरी मैलापाण्यात औषधांचे अंश असतात, त्यांवरही असे काही करतात का? (पुणे)

उत्तर : करतात, आणि त्याचे उत्तम उदाहरण स्वित्झर्लंडचे आहे. अपस्मारावरील कार्बामाझेपीनसारखी औषधे नेहमीच्या मैलाशुद्धीकरणातून जवळजवळ जशीच्या तशी बाहेर पडतात. स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०१६ पासून निवडक शुद्धीकरण केंद्रांना असे सूक्ष्म प्रदूषक ८० टक्के काढण्याचे बंधन घातले आणि त्याच्या खर्चासाठी जोडलेल्या प्रत्येक रहिवाशामागे वर्षाला कमाल ९ फ्रँक आकारणी ठरवली. झुरिकजवळच्या ड्यूबेनडॉर्फ येथील नॉयगुट केंद्रात २०१४ पासूनच ओझोन वापरतात. क्रम पाहावा : आधी जिवाणू, मग लिटरला काही मिलिग्रॅम इतकाच ओझोन, आणि त्यानंतर वाळूची गाळणी. त्या वाळूच्या कणांवर जिवाणूंचा थर असतो आणि ओझोनने केलेले तुकडे तो खातो. ओझोनचा एक दोष ही गाळणीही दूर करू शकत नाही. पाण्यात ब्रोमाइड असेल तर ओझोनमुळे त्याचे ब्रोमेट होते, ते कर्करोगकारक मानले जाते, आणि हवेशीर वाळूतील जिवाणू त्याला हात लावत नाहीत. म्हणून ओझोन बसवण्यापूर्वी तेथे आधी ब्रोमाइड मोजतात.

आपल्याकडे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. अनिरुद्ध पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोकळीभवनावर दीर्घकाळ काम केले आहे. पाणी अरुंद भोकातून दाबाने सोडले की बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्या फुटण्यात हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतात. बाहेरून रसायन न घालता, किंवा फार थोडे घालून, जिवाणूंपुढे ‘फोडलेले’ पाणी ठेवण्याचा हा मार्ग आहे. मैलापाण्याआधी मला तो लहान, दाट औद्योगिक प्रवाहांसाठी उपयोगी वाटतो.

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यातील ऊस उत्पादक आहे. आमच्याकडे प्रक्रिया केलेले पाणी शेतीला देण्याची चर्चा चालू आहे. पाण्याला रंग नाही, वास नाही, आणि सीओडीही मर्यादेत आहे असे सांगतात. ते पाणी उसाला द्यावे का?

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न या सगळ्या पत्रांत सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण वर सांगितलेली दोन्ही साधने ज्याला स्पर्शही करत नाहीत अशी एक गोष्ट त्या पाण्यात असते. ती म्हणजे मीठ.

सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंगाची गडद छटा चढवायची तर डाय-बाथमध्ये लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर साल्ट (सोडियम सल्फेट) घालतात. मीठ कापडात राहत नाही, सगळे धुऊन सांडपाण्यात येते. जिवाणू ते खात नाहीत. ऑक्सिडीकरणाने ते फुटत नाही. उलट फेंटनमध्ये घातलेल्या आम्लामुळे आणि कॉस्टिकमुळे पाण्यात सल्फेट आणि सोडियम यांची भरच पडते, आणि क्लोराइड जास्त असेल तर ते मूलक गिळून प्रक्रियाही मंदावते. मीठ काढायचे तर आरओ आणि त्याच्या मागे बाष्पीभवन, हाच मुख्य मार्ग आहे, आणि तो महाग आहे.

आपल्या तालुक्यातील काळ्या जमिनीचा बराच भाग अतिपाण्यामुळे आधीच क्षारपड झालेला आहे, हे आपल्याला मी सांगायला नको. सोडियम अशा जमिनीच्या चिकणमातीला फुगवतो, तिची छिद्रे बंद होतात, पाणी मुरत नाही आणि वर पांढरा थर येतो. म्हणून पाणी घेण्यापूर्वी सीओडीच्या कागदावर समाधान मानू नये. ईसी म्हणजे विद्युतवाहकता, आणि एसएआर म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, या दोन चाचण्यांचे अहवाल मागावेत, आणि ते एकाच दिवसाचे नसावेत, कारण गडद रंगाईच्या दिवशीचे पाणी आणि सुट्टीच्या आदल्या दिवशीचे पाणी यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. आपल्या जमिनीचीही तीच चाचणी पाणी सुरू करण्याआधी करून तिचा अहवाल जपून ठेवावा. निचऱ्याची चर नसलेल्या शेतात हे पाणी घेऊच नये.